नाव एक, कागद चार
(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे, 'शिक्षण, आरोग्य आणि डिजिटल तंत्रज्ञान'. विषय मोठा आहे. त्यावर दिवसभर बोलता येईल आणि संध्याकाळी घरी जाताना तुमच्या हाती काहीच राहणार नाही. म्हणून मी एका अगदी लहान ठिकाणापासून सुरुवात करतो. आमच्या अम्मीच्या नावापासून.

काही वर्षांपूर्वी अम्मीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी करावी लागेल. उपचार सरकारी योजनेत बसत होता, म्हणजे पैसे भरायची गरज नव्हती. मी कागद घेऊन खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने संगणकात नाव घातलं आणि मान हलवली. रेशन कार्डावर अम्मीचं माहेरचं नाव, तेही अर्धं. आधारवर नावापुढे 'बी' लावलेलं आणि आडनाव शेवटी. बँकेच्या पासबुकात 'बी'च्या जागी 'बेगम'. मी म्हणालो, "ताई, बाई समोर बसलीय, फोटो जुळतोय." ती म्हणाली, "दादा, मला दिसतंय हो. पण संगणक घेत नाही."

दोन दिवस मी या ऑफिसातून त्या ऑफिसात पळालो. प्रतिज्ञापत्र केलं, शिक्के घेतले. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. तोपर्यंत अब्बूंनी अम्मीच्या बांगड्या सोनाराकडे गहाण ठेवल्या होत्या. अम्मी आज ठणठणीत आहे. पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. त्या मुलीवर मी चिडलो होतो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की घरात पदवीधर मी. मोबाईल माझ्या हातात. आणि अम्मीचे चार कागद शेजारी शेजारी ठेवून मी कधी एकदाही वाचले नव्हते.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. आता सगळ्या व्यवस्था एकमेकींना जोडल्या जात आहेत. जोडलेल्या व्यवस्थेत चांगली गोष्ट जशी लांबवर पोचते तशी एक चूकही लांबवर पोचते. ती चूक शोधून दुरुस्त करायचं काम तुमच्या वयाच्या मुलामुलींनी हाती घ्यायला हवं.

आधी ही जोडणी कशी झाली ते पाहू. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. बारा आकड्यांचा तो क्रमांक. २०१५ साली डिजिलॉकर आलं. त्यातली गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदासारखीच धरली जाते. २०२१ साली आरोग्याचं डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात 'आभा' नावाचा चौदा आकड्यांचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाला तुमचे तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या जोडता येतात, म्हणजे नव्या डॉक्टरकडे जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल नेली नाही तरी चालेल. शाळेत आता 'अपार' क्रमांक काढतात. मुलाची पहिलीपासूनची शैक्षणिक नोंद एका जागी राहावी, हा त्यामागचा हेतू.

ऐकायला छान आहे, आणि खरंच छान आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक अट आहे. इथलं नाव आणि तिथलं नाव जुळलं पाहिजे. गावचा तलाठी, शाळेतले गुरुजी, पोस्टमन आपल्याला ओळखत होते. त्यांना ठाऊक होतं की 'शबाना', 'शबानाबी' आणि 'शेख शबाना' ही एकच पोरगी आहे. संगणकाला ते ठाऊक नाही. तो अक्षरं ताडून पाहतो.

आणि आपली नावं कशी आहेत? 'मोहम्मद' घ्या. कुणी पूर्ण लिहितं, कुणी 'महंमद', कुणी नुसतं 'मो.'. इंग्रजीत तर कुणी चार अक्षरांत आटोपतं, कुणी एकाच. 'शेख'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे 'ए' तर कुठे 'ई'. आडनाव कुणाचं आधी, कुणाचं शेवटी. उर्दू शाळेच्या रजिस्टरात नाव उर्दूत, दाखल्यावर मराठीत, आधारवर इंग्रजीत. प्रत्येक वळणावर लिहिणाऱ्याने आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. मुल्ला, तांबोळी, बागवान, मुजावर, कुठल्याही घरात जा, हीच गोष्ट. हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या कुठल्याही बाईला विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला विचारा. पण आपल्या घरांत ते जरा जास्त आहे, हे मान्य करू या.

आता शिक्षणाकडे येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, पैसे थेट बँक खात्यात. मध्ये कुणी हात मारायला नाही, ही चांगली गोष्ट. पण पैसे आधारच्या आधारे येतात तेव्हा ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यातच जातील असं नाही. आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याला सरकारी पैशांसाठी जोडलं गेलं, तिथे ते जातात. पोरगी आपल्या खात्याकडे डोळे लावून बसते आणि पैसे कुठल्या तरी जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. किंवा ते खातं बंद असतं आणि पैसे परत जातात. घरचे म्हणतात, "फॉर्म भरून काय उपयोग, आपल्याला कोण देतंय?" मित्रांनो, दर वेळी कुणी नाकारलेलं नसतं. कधी कधी नुसती जोडणी चुकलेली असते. बँकेत जाऊन "माझं आधार पैसे येण्यासाठी कुठल्या खात्याला जोडलंय?" एवढा एक प्रश्न विचारा.

नाकारलं गेलं असेल तिथे आवाज उठवाच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली, त्याच सुमारास मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. ही धोरणाची गोष्ट आहे, तिथे मोबाईल कामाचा नाही, तिथे निवेदन आणि लोकप्रतिनिधी लागतात. पण जी उरली आहे ती स्पेलिंगमुळे हातची जाऊ देऊ नका.

शिकायचं साहित्य तर आज भरपूर आहे. बालभारतीची पुस्तकं मराठीत, उर्दूत, इतरही माध्यमांत नेटवर फुकट आहेत. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की 'दीक्षा'वरचे धडे उघडतात. कॉलेजच्या मुलांसाठी 'स्वयम' आहे, तिथे देशातल्या नामवंत संस्थांचे प्राध्यापक मोफत शिकवतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरती फी लागते. अडचण वेगळीच आहे. घरात चांगला फोन एक, आणि तो कुणाच्या खिशात?

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरच्या लोकांना विचारलं होतं की कधी इंटरनेट वापरलंय का. पुरुषांपैकी ५७ टक्के हो म्हणाले, स्त्रियांपैकी ३३ टक्के. सगळ्या समाजांचा मिळून हा आकडा आहे. आता आपल्या घरात बघा. भावाला गेमसाठी रात्री बारापर्यंत फोन चालतो. बहिणीने तासभर मागितला तर "काय करायचंय तुला?" असा प्रश्न येतो. इथे बसलेल्या भावांना माझी विनंती आहे. दरवर्षी निकालाच्या दिवशी आपण "मुलींनीच बाजी मारली" म्हणून पेढे वाटतो. वर्षभर रोज एक तास फोन तिच्या हातात द्या, पासवर्डसकट. शेजारी उभं राहून पहारा देऊ नका.

आरोग्याचं बोलू. 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा कोरोनाच्या काळात लोकांना माहीत झाली. गावच्या उपकेंद्रात बसून समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी व्हिडिओवर गाठ घालून देतात. घरबसल्याही सल्ला घेता येतो, आणि औषधाची चिठ्ठी फोनवर येते. ज्या बाईला तालुक्याला जायला सोबत लागते, रोजगार बुडवावा लागतो, तिच्यासाठी ही केवढी सोय आहे!

दुसरं उदाहरण क्षयरोगाचं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे यंत्रमागावर काम करणारे कितीतरी कामगार परगावचे असतात. सणाला, लग्नाला, मंदीत ते गावी जातात. साध्या क्षयरोगाचं औषध सुद्धा सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. सरकारच्या 'निक्षय' या प्रणालीत प्रत्येक रुग्णाला क्रमांक मिळतो, आणि गाव बदललं की त्याची नोंद नव्या ठिकाणच्या केंद्राकडे पाठवता येते. पोषणासाठी महिन्याला पूर्वी ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. तेही बँक खात्यातच येतात. पण गावी जाण्याआधी "मी चाललोय, माझी नोंद तिकडे पाठवा" हे रुग्णाने सांगावं लागतं. हे त्याला कोण समजावणार? मागाच्या खडखडाटात बारा तास उभा राहणारा माणूस वेबसाईट वाचत बसणार आहे का?

माणूस मध्ये नसला की काय होतं ते आपण २०२१ साली पाहिलं. लस आली, कोविन आलं. १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाईन नोंदणी सक्तीची होती, आणि सुरुवातीला ते सगळं इंग्रजीत. शहरातली पोरं भराभर बोटं चालवून खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा धरत होती आणि गाडी काढून तिकडे लस घेऊन येत होती. त्या गावातला माणूस केंद्राच्या दारात उभा होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सरकारला खडे सवाल केले, थेट केंद्रावर नोंदणीची सोय झाली, आपल्या भाषाही आल्या. तंत्र तेच होतं. दार थोडं रुंद केल्यावर ते सगळ्यांच्या कामी आलं.

मग करायचं काय? चार कामं सांगतो. एकालाही पैसे लागत नाहीत.

पहिलं. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, रेशन कार्ड आणि पासबुक यांवर जसं आहे तसं, अक्षर न बदलता उतरवा. फरक तुम्हालाच दिसेल.

दुसरं. दुरुस्तीला लागण्याआधी कुठला कागद पाया धरायचा ते ठरवा. शिकलेल्यांसाठी दहावीचं प्रमाणपत्र, लहान मुलांसाठी जन्मदाखला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचा तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. आपल्याकडे कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते. पहिल्या वर्षात ते नाव फी न देता घालता येतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईने, एजंटाच्या सांगण्यावरून बदलू नका. मुलांचे बोटांचे ठसे ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात मोफत अद्ययावत होतात, ते चुकवू नका. आणि शाळेतली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दाखला हातात पडल्यावर तेच काम किचकट होतं.

तिसरं. आठवड्यातला एक तास मोहल्ल्याला द्या. वाचनालय, शाळेचा वर्ग, कुणाची ओसरी, जिथे जागा मिळेल तिथे बसा. खालांचे, चाचांचे अर्ज भरून द्या. पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या. बटण त्यांनी दाबायचं, तुम्ही सांगायचं. तुम्ही सगळं करून दिलंत तर पुढच्या वर्षी त्या पुन्हा तुमच्या दारात असतील.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. लोकांच्या माहितीची राखण करा. मदत म्हणून कुणाच्या आधारचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा. ओटीपी विचारू नका, कुणी विचारला तर देऊ नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलं. आधार नाही म्हणून मुलाचा शाळाप्रवेश अडवता येत नाही, हे २०१८ च्या निकालात आहे. 'आभा' ऐच्छिक आहे. 'अपार'साठी पालकांची संमती लागते. संमती म्हणजे मुकाट्याने ठोकलेली सही नव्हे. आपली माहिती कुठे जाते, कशासाठी जाते, हे विचारायचा हक्क त्यात आला. कुणाच्या गर्भारपणाची, कुणाच्या क्षयाची, कुणाच्या मनाच्या आजाराची गोष्ट तुमच्या कानावर येईल. ती तुमच्याकडे अमानत आहे. ती चहाच्या टपरीवर गेली तर उद्या कुणी बाई तुमच्यासमोर कागद उघडणार नाही.

शेवटी पुन्हा अम्मीकडे येतो. दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही तिचे सगळे कागद सारखे करून घेतले. पाच महिने लागले. एका संध्याकाळी मी नवा कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, एकेक अक्षर बोटाने मोजत आपलं नाव वाचलं. मग म्हणाली, "आता शेजारच्या खालाचं कर. तिचं तर रेशन कार्डावर वयच सतरा लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन शेजारी गेलो. तुम्हीही जा.