राजाचा कागद, मजुराचा कागद



आम्ही काही शिक्षक जुन्या इराणी नोटा जमवतो. आपल्या शताब्दी सोहळ्यात इराणचे काय काम, असे कोणी विचारील. पण या नोटांवरचा राजा आपल्या मॉरिशसमध्ये राहून गेला आहे.

1932 साली इराणच्या बँक मेल्लीने रियालच्या पहिल्या नोटा काढल्या. त्यांवर रझा शाह पहलवी यांचे चित्र होते. त्याआधीच्या नोटा इंग्रजांच्या इंपीरियल बँक ऑफ पर्शियाच्या. त्यांवर गावाचे नाव छापलेले असे आणि पैसे त्याच गावच्या शाखेत मिळत.

1941 साली इंग्रज आणि रशियन फौजा इराणात शिरल्या. शाहांना गादी सोडावी लागली. बोट मुंबईपर्यंत आली, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही. तिथून त्यांना मॉरिशसला आणून मोकामध्ये ठेवले आणि 1942 साली दक्षिण आफ्रिकेला नेले. 1944 साली ते तिथेच वारले. त्याच वर्षी इराणात त्यांच्या मुलाचे चित्र असलेल्या नोटा आल्या. 1979च्या क्रांतीनंतर मुलाच्या चित्रावरही छाप मारून ते झाकले.

या नोटांवरचे साल इराणी सौर पंचांगाचे असते. 1311 मध्ये 621 मिळवले की 1932 येते. मुले हे गणित आवडीने करतात. जुनी नोट धुवायची नाही, तिला इस्त्री करायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही, हेही ती शिकतात.

त्याच मोकामध्ये महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदी आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जहाज, क्रमांक आणि 1860च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. राजालाही विचारले नाही आणि आपल्या माणसांना तर कोण विचारणार! पण राजाचा चेहरा असंख्य नोटांवर छापला गेला. एक नोट फाटली तर दुसरी विकत मिळते. आपल्या पणजोबांचा कागद एकच असतो. तो गेला की कोणत्याही बाजारात मिळत नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरातली जुनी पेटी उघडा. करारपत्र, जन्मदाखला, फोटो, जे सापडेल ते कोरड्या जागी जपा. फोटोतली माणसे कोण, हे आजीला आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मग तो क्रमांक घेऊन मुलांसह मोकाला जा.