पावलांची स्वरलिपी
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत स्वर कोणता, सम कोठे, हे चिन्हांनी सांगितलेले असते. गाणाऱ्याने कोठे उभे राहावे, कोणाकडे सरकावे, याविषयी मात्र अवाक्षर नाही. बैठकीच्या गाण्याला त्याची गरजही नसते. कॉर्नेलियस कार्ड्यू या इंग्रज संगीतकाराला ती भासली. १९६८ साली हाती घेतलेल्या 'द ग्रेट लर्निंग'च्या सातव्या भागात त्याने गायकांना स्वर लिहून दिलेच नाहीत. पहिला स्वर ज्याचा त्याने निवडावा; पुढच्या ओळीला शेजाऱ्याच्या कंठातून ऐकू येणारा घ्यावा; ऐकू येत नसेल तर त्याच्याजवळ चालत जावे, एवढीच सूचना.

हे नवल वाचताना मला वारी आठवली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. त्यांना भिल्लांनी अडवले ते आपल्या याच सातपुड्यात, असे आख्यायिका सांगते. दिंड्यांना रथापुढील वा रथामागील क्रमांक ठरलेला. दिंडीत पताका पुढे, मग टाळकरी, मृदंगी, वीणेकरी, तुळशीवाल्या स्त्रिया. कोणत्या वेळी कोणते अभंग, तेही ठरलेले. ही संहिताच नव्हे काय?

तिच्यातील मला सर्वांत प्रिय जागा समाज-आरतीची. मुक्कामी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार आवाजाच्या रोखाने तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मगच पुढचे होते. अर्ज नाही, कागद नाही. नाद आणि जागा यांवरच न्याय चालतो! आमच्या सभांना हे जमले असते तर किती बरे झाले असते.

आता थोडे स्वतःविषयी. पावली लिहून ठेवावी म्हणून मी तीन संध्याकाळी येथील भजनी मंडळींसमोर वही घेऊन बसलो. मात्रा लिहिल्या, डावे-उजवे पाऊल लिहिले. चौथ्या दिवशी ती वाचून दाखवली, तेव्हा एक वृद्ध टाळकरी म्हणाले, "बाबा, समोरच्या रांगेचा माणूस कुठं लिहिला तुम्ही? त्याला पाहूनच तर पाऊल पडतं." माझ्या वहीत एकच माणूस नाचत होता.

म्हणून लिहूच नये, असे काही विद्वान म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या पायांत ही पावली आहे त्यांची वये मला दिसतात. त्यांची नातवंडे हिंदी शाळांत शिकतात आणि आषाढात त्यांना रजा मिळत नाही. अपुरी वही असणे, वहीच नसण्यापेक्षा बरे. तापीच्या खालच्या अंगाला मुक्ताईनगर आहे, तेथून मुक्ताबाईंची पालखी पंढरीला निघते. तिच्याबरोबर चालणाऱ्यांनी ती पडताळून पाहावी.

वही ग्रंथपालांच्या स्वाधीन केली आहे. डावीकडच्या पानांवर मी लिहिले आहे. उजवीकडची, समोरच्या रांगेसाठी, कोरी आहेत.