चमत्कार, निदान आणि धम्म



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंचावर टांगले आणि जो ऋद्धिबळाने ते खाली आणील त्याचे ते, असे घोषित केले. पिंडोल भारद्वाज या भिक्खूने ते मिळविले. लोकांनी जयजयकार केला. तथागतांनी मात्र त्याची कठोर कानउघाडणी केली आणि गृहस्थांसमोर चमत्कार दाखविण्यास भिक्खूंना मनाई केली. पात्र फोडून त्याची पूड डोळ्यांच्या अंजनात मिसळण्यासाठी देण्यात आली. कथेतील उड्डाण खरे मानण्याचे कारण नाही. परंतु चमत्कार हा धम्माचा पुरावा नव्हे, हा तिचा बोध स्पष्ट आहे.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच कसोटी लावली. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने तोवर वृद्ध, रुग्ण वा प्रेत पाहिलेच नव्हते, ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली आणि गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्यात दाखविले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तही त्यांनी त्याज्य ठरविला.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्तविकार बराच आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात, हाडांत असह्य कळा येतात, डोळे पिवळे पडतात. मग कोणी म्हणतो ‘बाहेरचे झाले’, कोणी कावीळ उतरवितो, कोणी गतजन्मीचे पाप सांगतो. वस्तुतः हा हिमोग्लोबिनच्या जनुकातील एक बदल आहे. त्याचा वाहक मलेरियापासून काहीसा बचावतो, म्हणूनच तो पिढ्यान्पिढ्या टिकला. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यात पाप कोणाचेच नाही.

देश सोडला म्हणून जनुके मागे राहत नाहीत, आणि गंडेदोरेही सामानातून येतातच. परित्राणाचा धागा मनाला धीर देत असेल, तर तो जरूर बांधा; परंतु बालकाला ताप वा कळा येताच रुग्णालय गाठा. विवाह ठरविताना पत्रिका पाहू नका, दोघांच्या रक्ताची तपासणी करा. वाहक असणे हा दोष नव्हे. ते लपविणे मात्र घातक आहे.

आपली मुले विचारतील, ‘हे कशावरून?’ त्यांना गप्प करू नका. त्या प्रश्नातच धम्म जिवंत आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!