काखेतही बघून घ्या



या उन्हाळ्यात आमच्या बचतगटातल्या एका वहिनींच्या स्तनात गाठ निघाली. सुईच्या तपासणीत कॅन्सर असल्याचं कळलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, काखेची सोनोग्राफी करून आणा. वहिनी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गाठ छातीत, मग काखेत काय बघायचं? आणि सोनोग्राफी तर पोटुशीची करतात ना?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तिथे जे समजलं, तेच आज सांगतोय.

पायाला काटा रुतून पिकलं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. काखेतही तशाच गाठी असतात. त्या प्रत्येकीला असतात. स्तनातला द्रव बारीक पाटांनी वाहत बहुतेक काखेतच येतो आणि या गाठींतून गाळला जातो. कॅन्सरच्या पेशी सुटल्या, तर बहुधा आधी तिथेच अडकतात. तिथवर त्या पोचल्यात का, यावर आधी ऑपरेशन की आधी औषधं, हे ठरायला मदत होते.

सोनोग्राफी दुखत नाही, तिच्यात क्ष-किरणही नसतात. निरोगी गाठ घेवड्याच्या बीसारखी लांबट दिसते, कड पातळ, मध्ये चरबी. कड जाड झाली, मधली चरबी दिसेनाशी झाली, गाठ गोल झाली, की डॉक्टरांना शंका येते. पण जखमेनं किंवा टीबीनंही गाठ सुजते. म्हणून नुसत्या चित्रावर घाबरायचं नाही. सोनोग्राफीत बघत बघत त्या गाठीत सुई घालतात, आणि खरं काय ते सुईच्या तपासणीत कळतं.

सोनोग्राफी चांगली आली, तरी काम संपत नाही. अगदी थोड्या पेशी चित्रात दिसत नाहीत. मोठ्या पेट स्कॅनमध्येही त्या सुटू शकतात, आणि सुरुवातीच्या आजारात तो स्कॅन प्रत्येकीला लागतही नाही. अशा वेळी ऑपरेशनमध्ये निळा रंग किंवा खास औषध टोचून पाटावरच्या पहिल्या एक-दोन गाठी शोधतात, काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या तशाच ठेवतात. सगळ्या काढल्या, तर हात कायमचा सुजण्याची भीती जास्त असते. धुणं, भांगलण, पाण्याचा हंडा, सगळं आपलं हातावरच चालतं, बायांनो!

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. काखेची सोनोग्राफी झाली का? शंका असलेल्या गाठीची सुईनं तपासणी झाली का? सगळ्या गाठी काढणं गरजेचं आहे का? खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटा.

वहिनींच्या काखेत हाताला काहीच लागत नव्हतं. सोनोग्राफीत एक गाठ दिसली, आणि सुईत कॅन्सर सापडला. आता त्यांची औषधं आधी सुरू झाली आहेत. दर खेपेला आमच्यापैकी एकजण सोबत जाते. तुमच्या गटातल्या बाईलाही एकटीला पाठवू नका.