जुनी कविता, नवी कविता : बोलतो कोण?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढें झालेल्या भाषणाचा सारांश)



जुन्या व नव्या इंग्रजी कवितेची तुलना करा, असा प्रश्न परीक्षेंत येतो, आणि बाजारी गाइडांत त्याचें उत्तर तयार असतें : जुनी कविता यमकाची, नवी मुक्तछंदाची. ज्याच्या घरांत पूर्वीं पुस्तक आलें नाहीं असा आपला मुलगा तें घोकतो, आणि काव्य समजणें हें आपलें कामच नव्हे असें मनाशीं धरून बसतो. हा भ्रम काढून टाकला पाहिजे.

मिल्टनचें 'पॅराडाइज लॉस्ट' १६६७ सालचें. त्यांत यमक नाहीं. विल्फ्रेड ओवेननें 'डल्से एट डेकोरम एस्ट' ही कविता १९१७ सालीं लिहावयास घेतली. तींत यमक आहे. मग गाइडाचा नियम राहिला कोठें?

कविता हातीं आली कीं तीन प्रश्न विचारा : बोलतो कोण, उभा कोठें आहे, आणि सांगतो कोणाला? १८५४ सालीं बालाक्लाव्हाच्या लढाईंत हुकुमाच्या घोटाळ्यानें इंग्रज घोडदळ तोफांच्या तोंडीं गेलें. राजकवि टेनिसननें ती हकीकत वर्तमानपत्रांत वाचून इंग्लंडांत कविता रचली. चूक झाली हें तो लपवीत नाहीं, पण गौरव करतो तो शिपायाच्या आज्ञाधारकपणाचा. ओवेन स्वतः खंदकांत होता. विषारी वायूनें गुदमरणारा सोबती दाखवून, देशासाठीं मरणें गोड असतें हें लॅटिन वचन तो खोटें ठरवितो. ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्ध थांबण्यास सात दिवस उरले असतां, वयाच्या २५ व्या वर्षीं तो पडला.

म्हणून जुनें तें सारें दुरून बोलणाऱ्यांचें, असेंही समजूं नका. रॉबर्ट बर्न्स हा शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरणारा. त्याचा पहिला संग्रह १७८६ सालचा, आणि तो मुख्यतः स्कॉटिश बोलींत आहे. आपल्याकडे टेनिसनच्या त्या कवितेच्याच सालीं, १८५४ मध्यें, सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' संग्रह निघाला. इंग्रजी शिका असें त्यांनीं त्यांत सांगितलें, तें साहेबाची नक्कल करण्यासाठीं नव्हे, तर शूद्रातिशूद्रांनीं अज्ञानांतून सुटावें म्हणून.

तेव्हां आपली बोली हें इंग्रजी काव्याच्या वाटेंतील धोंड नव्हे. जात्यावरची ओवी कोण म्हणते, कोणाला उद्देशून म्हणते, सासरचें दुःख कोठें झांकते, हें ज्याला उमगतें त्याला ओवेन परका नाहीं. ठाकूरवाडींतील किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांतील मुलाजवळ ही समज आहे. ती त्याला परीक्षेच्या कागदावर वापरूं द्या, एवढीच शिक्षकांस विनंती.

विद्यार्थ्यांनो, आज घरीं जाऊन एक जुनी व एक नवी कविता घ्या, गाइड मिटा, आणि या तीन प्रश्नांचीं उत्तरें स्वतः लिहा. मोडकें इंग्रजी सरावानें सुधारतें; उसनें मत मात्र कितीही घोकलें तरी आपलें होत नाहीं.