‘कल्याण’मध्ये अक्षरं किती?

आजचा विषय लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकून होईल एवढाच. ‘कल्याण’ या शब्दात अक्षरं किती?

पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी कुठलीही आजी सांगेल, तीन. क, ल्या, ण. तीन चौकोन. पायथॉनला विचारा, तो म्हणतो सहा: क, ल, पाय मोडायचं चिन्ह, य, काना, ण. ‘ठाणे’ चार. आपली ‘डोंबिवली’ तर चक्क आठ.

पायथॉन खोटं बोलत नाहीये, तो कोडपॉइंट मोजतोय. युनिकोडमध्ये देवनागरीचा १२८ जागांचा ब्लॉक आहे. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला स्वतःचा नंबर. ‘ल्या’ला मात्र नंबरच नाही. ते चार नंबर शेजारी ठेवले की फॉन्ट त्यांना जुळवून दाखवतो.

म्हणून ‘ठाणे’ची स्ट्रिंग उलटी केली की ठ-चा काना ण-ला चिकटतो आणि मात्रा सुरुवातीला एकटीच लोंबकळते. याला हसून सोडून देता येतं. पण समजा, एखाद्या फॉर्मवर नावाला दहा कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि मुलीचं नाव आहे ज्ञानेश्वरी. डोळ्यांना चार अक्षरं, कोडपॉइंट अकरा. कोड दहावर कापतो, शेवटची वेलांटी उडते आणि सर्टिफिकेटवर छापलं जातं ‘ज्ञानेश्वर’. एरर नाही, वॉर्निंग नाही. स्पेलिंगही बरोबर, त्यामुळे तपासणाऱ्यालाही काही खटकत नाही! माझ्या मते असा बग ॲप क्रॅश होण्यापेक्षा वाईट.

उपाय तयार आहे. आपण ज्याला अक्षर म्हणतो, त्याच्या जवळ जाणारी युनिकोडची कल्पना म्हणजे ग्राफीम क्लस्टर. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल डॉट सेगमेंटर’ आहे. पायथॉनमध्ये ‘रेजेक्स’ नावाचं पॅकेज वेगळं इन्स्टॉल करायचं (नेहमीचं ‘आरई’ नव्हे) आणि पॅटर्न द्यायचा बॅकस्लॅश कॅपिटल एक्स. स्विफ्ट मुळातच असं मोजते.

एक गोची आहे. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने ‘ल्या’चे दोन तुकडे पडतात, ‘ल्’ आणि ‘या’. तुमची लायब्ररी कुठला नियम पाळते हे बघायला डॉक्युमेंटेशन चाळत बसू नका. तिला ‘कल्याण’ द्या. तीन आले तर नवा नियम, चार आले तर जुना, आणि सहा आले तर तुम्ही अजून कोडपॉइंटच मोजताय.