कोंबडं झाकून पाहिलं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, पनवेल तालुक्यातल्या कोन गावात माझं घर आहे. घरामागे छोटंसं परसू, परसात शेवग्याचं एक झाड आणि त्या झाडाखाली कोंबड्यांचं खुराडं. कवी बोलायला आला की तो चंद्रावर किंवा पावसावर बोलेल, अशी लोकांची समजूत असते. मी आज कोंबड्यांवर बोलणार आहे. चंद्राशी माझा संबंध अधूनमधून येतो, कोंबड्यांशी रोज सकाळी येतो.

कोन म्हटलं की आता लोकांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आठवतो. तो २००२ साली पूर्ण झाला. त्याआधीचं कोन म्हणजे भातखाचरं. कापणी झाली की आमच्या कोंबड्या सकाळी खाचरात जायच्या, सांडलेला दाणा टिपायच्या, बांधावरची वाळवी उकरायच्या आणि दिवेलागणीला न बोलावता घरी यायच्या. त्यांना खायला घालावं लागतं हे मला फार उशिरा कळलं. आता खाचरांना कुंपणं आली आणि मी पोत्याने कण्या आणतो.

आमच्या घरात कोंबड्या आईच्या. वडिलांचा त्यांच्यावर हक्क सुरू व्हायचा तो ताटात वाढल्यावर. अंड्यांचे पैसेही आईचेच आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारत नसे. अंडी पनवेलच्या बाजारात पोहोचवायचं काम माझ्याकडे होतं. पत्र्याच्या डब्यात भाताचं तूस, त्यात एकेक अंडं उभं खोचायचं, वर पुन्हा तूस. एसटीत तो डबा मांडीवर घेऊन मी बसायचो आणि कॉलेजातली ओळखीची मुलगी चढली की डबा सीटखाली सरकवायचो. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा फी त्याच डब्यातून निघाली. आई आजही कोणासमोर म्हणते, "याला माझ्या कोंबड्यांनी शिकवलं." मी हसतो, पण ते खरं आहे.

गावठी कोंबडी अंडी काही फार देत नाही. वर्षाला पन्नास, साठ, फार तर ऐंशी. पिंजऱ्यातली कोंबडी तीनशेच्या वर देते. पण बारा-पंधरा अंडी घातली की गावठी कोंबडी खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते. पिंजऱ्यातल्या जातींची ही सवय माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून जवळजवळ मोडून काढली, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. ज्याला रोज अंडं हवं त्याला खुडूक हा रोग वाटतो. आमच्याकडेही नको तेव्हा खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळायचे. ती निथळत यायची आणि पुन्हा तिथेच बसायची. एवढी चिकाटी मी माझ्या व्यवसायबंधूंमध्ये पाहिलेली नाही.

बसवायची तर आईची रीत ठरलेली. जुनी टोपली, तळाला तूस, अंडी अकरा किंवा तेरा, कधी सम नाही. वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून कडेला एक लोखंडी खिळा. विषम आकड्याचं आणि खिळ्याचं शास्त्र मला सापडलेलं नाही, पण मी बी.ए. आहे म्हणून खिळा काढायची हिंमत केली नाही. मग एकवीस दिवस. कोंबडी दिवसातून एकदा उठते, भराभरा दाणा-पाणी करते, धुळीत अंग घुसळते आणि परतते. चोचीने अंडी फिरवते, कडेची आत, आतली कडेला. आठव्या-नवव्या रात्री आई एकेक अंडं कंदिलासमोर धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळं उजळलं तर काढायचं. आता कंदिलाऐवजी मोबाइलची बॅटरी असते.

खरा आनंद विसाव्या दिवशीचा. अंडं कानाशी धरलं तर आतून बारीक चिवचिव ऐकू येते. पिल्लू अजून कवचात असतं, जग पाहिलेलं नसतं, आणि कोंबडी बाहेरून हलक्या घोगऱ्या आवाजात त्याला ओ देते. आई लहानपणी मला उठवून हे ऐकवायची. मी माझ्या मुलांना उठवलं. धाकटा म्हणाला, "बाबा, आत कोण बोलतंय?" मला पुरस्कार मिळाला तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. (पुरस्कार एकच मिळाला आहे, त्यामुळे तुलना सोपी आहे.)

पण अकरा पिल्लांत पाच-सहा कोंबडे निघणार, हा हिशेब कोणाला चुकत नाही. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे आधी एकमेकांशी झुंजतात, मग खुराड्यातल्या तलंगांना छळतात, आणि मग त्यांचा निकाल लागतो. तो कोणीतरी लावावा लागतो. आमच्या आळीत कोंबडा हलाल करायचा झाला की माझ्या वडिलांना हाक यायची. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे यायचं होतं, ते आलं नाही. एका ईदला पाहुणे जमले आणि मी हाताने कण्या चारून वाढवलेला तांबडा कोंबडा सुरीखाली जाणार म्हटल्यावर मी बाजारात जायचं निमित्त काढलं. भावाने काम उरकलं. दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा आई वाढता वाढता म्हणाली, "कापताना तुझी कविता मध्ये येते. खाताना कुठे जाते?" त्या दिवशी रस्सा उत्तम झाला होता, आणि मी दोनदा घेतला. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि मांसाहार मी सोडलेलाही नाही. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

मुंगूस, घार, बोका यांच्याविषयी मी बोलत नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाकडे ही कहाणी असते आणि प्रत्येकाला आपलंच मुंगूस सगळ्यांत हुशार वाटतं. खरी धास्ती मानमोडीची. कागदोपत्री तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या सुंदर गावाचं नाव विनाकारण या रोगाला चिकटलं. मी विशीत असताना ती आमच्या घरी आली. पहिल्या दिवशी एक कोंबडी हिरवट शिटली आणि कोपऱ्यात गप्प बसली. दुसऱ्या दिवशी चौघींच्या माना मुरगळल्या. पाचव्या दिवशी खुराडं रिकामं. आईने राख टाकून ते झाडलं आणि दार उघडंच ठेवलं. कितीतरी महिने ते दार उघडं होतं.

या रोगावर लस आहे, स्वस्तही आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की एका कुपीत शंभर पिल्लांचा डोस असतो आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे आठच पिल्लं त्याने बाकीच्या ब्याण्णव थेंबांचं काय करायचं? म्हणून पुष्कळ जण लस टोचतच नाहीत. आम्ही आळीत एक युक्ती केली. ज्याची त्याची पिल्लं टोपलीत घालून आमच्या ओट्यावर आणायची आणि कुपीचे पैसे वाटून घ्यायचे. निवडणुकीची सभा सोडली तर आमची आळी एवढी एकत्र फक्त तेव्हाच येते.

मग बर्ड फ्लू आला. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला प्रादुर्भाव जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नवापूर आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी कोनमध्ये चुलीवरून कोंबडी उतरली. पण २०२५च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या दगावल्या आणि निदान बर्ड फ्लूचं आलं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. चिरनेर म्हणजे आमच्या शेजारचा तालुका, सोयरीक जुळते इतकं जवळ. आम्ही कोंबड्या कोंडून ठेवल्या, चपला बदलून खुराड्यात जाऊ लागलो, हात साबणाने धुऊ लागलो. ऐंशी पार केलेली आई खुराड्याच्या जाळीशी खुर्ची टाकून बसायची आणि कोणती शिंकली, कोणती गप्प आहे ते मोजायची. आमच्या कोंबड्या वाचल्या. ज्यांच्या गेल्या त्यांना पंचनाम्यानंतर भरपाई मिळते, हे चांगलंच आहे. पण आईसारख्या बाईच्या हातून नेमकं काय गेलं, ते पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचं?

एवढ्यातून तरलेला आमचा कोंबडा शेवटी गेला तो वेगळ्याच कारणाने.

गावात आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत काढली, तेव्हा आमच्या गावाचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज येत होतं. आमच्या परसामागे उभी राहिलेली इमारत त्यातली नव्हे, ती साधी सात मजल्यांची. गेल्या दिवाळीनंतर तिथला एक तरुण घरी आला. बाहेर चपला काढल्या, आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अंकल, राग मानू नका. मी रात्री दोनला कामावरून येतो. तुमचा कोंबडा साडेतीनला सुरू होतो." डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती पोराच्या. भांडायला आला असता तर मला बरं झालं असतं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळे शाळेत शिकलो. मी ती प्रत्यक्ष करून पाहिली. आधी डालगं, मग डालग्यावर गोणपाट, मग अडगळीच्या खोलीत पूर्ण काळोखात. म्हणीत निम्मंच सांगितलं आहे, श्रोतेहो. तांबडं तर फुटतंच, पण झाकलेलं कोंबडंही आरवतंच. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं, उजेड दिसला नाही तरी वेळ झाली की तो आरवतो. पुढे २०१५ साली त्यांना असंही आढळलं की कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने थांबतात. मुशायऱ्यात नेमकं उलट असतं, ज्येष्ठ शायर सर्वांत शेवटी वाचतो. फ्रान्समध्ये तर मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला. २०१९ साली कोर्टाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला, आणि २०२१ साली तिथे खेड्यातले आवाज आणि वास यांना संरक्षण देणारा कायदाही झाला. मी ही बातमी घरात वाचून दाखवली. बायको म्हणाली, "त्या पोराला झोप लागेल का या कायद्याने?"

मी कोंबडा कर्जतकडच्या एका मित्राला देऊन आलो.

आई काही बोलली नाही. फजरच्या नमाजला ती कोंबड्याच्या आरवण्यावर उठायची. माझी आजी सांगायची, कोंबडा आरवतो तेव्हा त्याने फरिश्ता पाहिलेला असतो, त्या घडीला काय मागायचं ते मागून घ्यावं. आता मशिदीची अजान आहे, माझ्या मोबाइलचा गजर आहे, आई उठते वेळेवरच. पण उठल्यावर थोडा वेळ अंथरुणात तशीच बसून राहते, कान देऊन. द्रुतगती मार्गावरचे ट्रक तेवढे ऐकू येतात.

मग आमची काबरी खुडूक झाली. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. आम्ही अंडी काढून घेत होतो, तर ती रिकाम्या टोपलीत बसू लागली. मी दया येऊन पाच अंडी खाली ठेवली, आणि चूक तिथेच झाली. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले. काबरी वाळून गेली, तुरा फिका पडला, तरी उठेना. एकोणतिसाव्या दिवशी आईने मला हाक मारली. म्हणाली, "काकीकडून अंडी आण. तिच्याकडे कोंबडा आहे." काकी म्हणजे आमच्या आळीच्या टोकाची आगरी शेजारीण, आईची पन्नास वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची कोंबड्यांतली प्रतिस्पर्धी. काकीने पैसे घेतले नाहीत. अकरा मोजून दिली आणि वर म्हणाली, "माझ्या कोंबऱ्याची अवलाद आहे, सांभाळा."

रात्री अंधारात आईने स्वतः अंडी बदलली. काबरीने चोच मारली नाही. जवळजवळ पन्नास दिवस बसून तिने नऊ पिल्लं काढली. मध्ये आम्ही तिला हातावर दाणे धरून चारत होतो.

त्यातली दोन मांजराने नेली, सात आहेत. बहुतेकांचे पाय पिवळे धमक आहेत. २००८ सालच्या एका संशोधनात वाचलं की कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा असला तरी हा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नाही, तो राखाडी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानातला पक्षी. मी हे काकीला सांगितलं. काकी म्हणाली, "माझ्याकडून आलाय."

पिल्लं आता सात आठवड्यांची झाली. त्या तरुणाची पाळी बदलली नाही. भेटला की हसतो, आता हॉर्नमुळे झोप लागत नाही म्हणतो. आई रोज खुर्ची टाकून पिल्लांचे तुरे न्याहाळते. दोघांचे तुरे लाल होऊन वर आले आहेत, तिसऱ्याचं अजून नक्की नाही. काल त्यातल्या एकाने मान ताणून घशातून काहीतरी खरखरीत काढलं, फुटक्या पिपाणीसारखं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलाला अजून काही सांगितलेलं नाही.